जावयाचे तेहतीस अनारसे वॉर्डात नेऊ देण्याबाबत

प्रति,
मा. कमांडंट साहेब,
सैनिकी रुग्णालय, छावणी.

अर्जदार : श्रीमती शरयू नीळकंठ कोलते, वय ५८, घरकाम व नेमधर्म, रा. जळगाव जामोद, जि. बुलढाणा.

विषय : हाडांच्या वॉर्डातील रुग्ण नायक शिवम कारभारी नारखेडे यांना अधिक महिन्याचे वाण देता यावे म्हणून, अर्जदारावरील प्रवेशबंदी एका दिवसापुरती उठविण्याबाबत.

संदर्भ : वॉर्डाच्या दारावर लावलेली आपल्या कार्यालयाची सूचना, दि. २५ मे २०२६. (“वॉर्डात दिवा, अगरबत्ती, कापूर किंवा तत्सम काहीही पेटविण्यास सक्त मनाई आहे. नायक नारखेडे यांच्या सासूबाईंना पुढील आदेशापर्यंत प्रवेश नाही.”)

महोदय,

“अर्जात ‘मी’ लिहायचं नाही, शरयू. ‘मी’ लिहिलं की माणूस रडायले लागते. ‘अर्जदार’ लिहायचं. अर्जदार रडत नाही, विनंती करते.”

हे शब्द अर्जदाराचे यजमान कै. नीळकंठराव यांचे. ते बुलढाण्याच्या कचेरीत अव्वल कारकून होते. हयातभर लोकांचे अर्ज वाचून त्यांचे असे मत झाले होते, आणि जेवताना ते अर्जदारास ऐकवीत असत. आपल्याला कधी अर्ज लिहावा लागेल असे अर्जदाराला तेव्हा वाटले नव्हते, म्हणून तिचे अर्धे लक्ष भाकरीकडे असे. तरी जे लक्षात राहिले त्याप्रमाणे हा अर्ज लिहिला आहे. चूकभूल असल्यास ती भाकरीची समजावी.

१. साहेब कोणत्या प्रांताचे आहेत हे अर्जदारास ठाऊक नाही, म्हणून आधी रीत सांगणे भाग आहे. अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो. आमच्याकडे त्यास धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. सासूने त्याचे पाय धुवायचे, कुंकू लावायचे, आणि तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे ठेवून, वर तुपाचा दिवा लावून ते वाण त्याच्या हातात द्यायचे. अनारसा हे तांदूळ-गुळाचे, खसखस लावलेले, तुपात तळलेले जाळीदार पक्वान्न आहे. ते स्फोटक नाही. यंदाचा अधिक महिना १५ जूनला संपतो. त्यानंतर थेट तीन वर्षांनी.

२. शिवमराव हे अर्जदाराचे एकुलते एक जावई, मूळ रोहिणखेडचे, मोताळा तालुका. लग्न २०१९ च्या हिवाळ्यात झाले. त्यानंतरचा पहिला धोंडा कोरोनात गेला. जावईबापू सीमेवर, गाड्या बंद. वाण देवापुढे ठेवले आणि देवाने ते समजून घेतले असावे. दुसऱ्या धोंड्याला त्यांची नेमणूक अशा उंचीवर होती की तिथे म्हणे डाळसुद्धा शिजत नाही. अर्जदाराने अनारसे पत्र्याच्या डब्यात भरले, डबा कापडात शिवला आणि पार्सल केले. डबा दिवाळी उलटून गेल्यावर पोचला. जावईबापूंनी फोनवर सांगितले, “मामी, मस्त होते. एकही टाकला नाही.” पुढे मुलगी हिमानी हिच्याकडून कळले की त्यांच्या सोबत्याने त्यातल्या एका अनारशाने अक्रोड फोडला, आणि अनारशाला काही झाले नाही.

हे ऐकून नीळकंठराव ठसका लागेपर्यंत हसले. मग पाणी पिऊन म्हणाले, “पार्सलनं गेलेलं वाण वाण नसते, शरयू. जावयाचं आपल्याकडं राह्यलं. पुढच्या धोंड्यात हातानं द्यायचं. मी असो का नसो.”

अर्जदार ‘हो’ म्हणाली. अर्जदार सहसा कशाला हो म्हणत नाही, कारण म्हटलेले पाळावे लागते. पुढच्या माघात ते गेले. ‘हो’ तेवढे अर्जदाराजवळ राहिले.

३. यंदा जावईबापू एका जागी सापडले आहेत, आणि तेही आपल्या कृपेने. ते खेचरांच्या तुकडीत आहेत. एप्रिलमध्ये पहाडात एका निसरड्या उतारावर त्यांचे खेचर ओझ्यासकट घसरू लागले. त्यांनी लगाम सोडला नाही. खेचर वाचले, परंतु वाचताना ते त्यांच्या उजव्या पायावर बसले. नडगी दोन ठिकाणी मोडली. आपल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया होऊन आत धातूची पट्टी बसविली आहे. खेचराचे नाव काजल. शुद्धीवर येताच जावईबापूंनी “काजल कशी आहे?” असे विचारले. तेव्हा पलंगाशी उभ्या असलेल्या हिमानीला काजल चार पायांची आहे हे माहीत नव्हते. तो अर्धा तास या अर्जाचा विषय नाही.

४. आपल्या वॉर्डात जावईबापूंचे जे दिवस चालले आहेत त्याबद्दल अर्जदाराची तक्रार तर नाहीच, उलट आभार आहेत. हिमानी छावणीतल्या कुटुंबांच्या खोल्यांत राहते आणि रोज संध्याकाळी फोनवर सगळे सांगते. पहाटे कोंबड्याच्या आधी ताप मोजतात, ताप असो वा नसो. सगळ्यांना निळा सदरा-पायजमा. त्यामुळे तिथे कोण किती शूर ते कपड्यावरून कळत नाही, फक्त प्लास्टरवरून कळते. वॉर्डातले सर्वांत मोठे रुग्ण सुभेदार संघपाल वाकोडे. तेही आमच्याच जिल्ह्याचे, मेहकरकडचे. त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे. त्यांनी असा दंडक घातला आहे की दाढी केल्याशिवाय कोणी चहाला हात लावायचा नाही, हात मोडला असेल तर शेजाऱ्याने करून द्यायची. दुपारी कॅरम. संध्याकाळी चाकांच्या खुर्च्या आणि कुबड्या व्हरांड्यात येतात. समोर आपले कर्मचारी व्हॉलीबॉल खेळतात, आणि ज्यांना स्वतःला उभे राहता येत नाही असे पंधरा जण त्यांना उडी कशी मारावी हे ओरडून शिकवतात. तुकडीतून काजलचा व्हिडिओ आला की कॅरम थांबतो. काजल दाणा खाते आहे एवढेच त्यात असते. सगळा वॉर्ड ते शेवटपर्यंत पाहतो, आणि पंजाबकडचा एक शिपाई दरवेळी म्हणतो, “वाह, क्या भूख है!”

५. आता २४ मेची हकीकत. ती आपणास ठाऊक आहे, परंतु आपण हिरवळीवर आलात तेव्हा गोष्ट अर्धी होऊन गेली होती.

अर्जदार अधिक महिन्यात काही नेम पाळते. एक वेळ जेवण, रोज पोथीचा अध्याय, आणि सूर्योदयापासून दुपारी बारा वाजेपर्यंत मौन. मुळातही अर्जदाराचा आवाज लहान आहे. भाजीवालासुद्धा दोनदा विचारतो. त्यामुळे मौनाने घरात फारसा फरक पडत नाही, असे नीळकंठराव म्हणत. त्या रविवारी अर्जदार ताट, अनारसे, तूप, वात असे सगळे घेऊन आली. भेटीची वेळ साडेअकराची. बारा वाजेपर्यंत थांबली असती तर पुढचे टळले असते. परंतु जावईबापूंचा पाय दोरीने वर टांगलेला पाहिला आणि अर्जदाराला राहवले नाही.

डोक्यावरचा पंखा जोरात होता. दिवा विझू नये म्हणून अर्जदाराने ताट पलंगाशेजारच्या लोखंडी कपाटावर ठेवून भोवती वर्तमानपत्राचा आडोसा केला. हीच अर्जदाराची चूक. देवघरात पंखा नसतो. अर्जदाराने आजवर दिवा देवघरातच लावलेला, म्हणून पंख्याखालचा दिवा कसा वागतो हे तिला ठाऊक नव्हते. कागदाचा कोपरा तांबूस झाला, थोडा धूर निघाला, आणि छताला चिकटलेले पांढरे यंत्र असे काही किंचाळू लागले की तसा आवाज अर्जदाराने फक्त यात्रेत ऐकला होता.

६. अर्जदाराने दिवा त्याच क्षणी पदराच्या टोकाने विझविला होता. म्हणजे आग नव्हती. हे वॉर्डात फक्त दोघांना माहीत होते. त्यातली एक मौनात होती आणि दुसरा हसत होता.

नर्सिंग अधिकारी कॅप्टन समीक्षा धावत आल्या आणि त्यांनी विचारले, “आग कुठाय?” अर्जदाराने दोन्ही हात हलवून ‘आग नाही’ असे सांगितले. त्यांनी त्याचा अर्थ ‘सगळीकडे’ असा घेतला. यात त्यांचा दोष नाही. पुढच्या काही मिनिटांत आपल्या जवानांनी जे केले ते पाहून अर्जदाराचा देशाच्या संरक्षणाबद्दलचा विश्वास कायमचा पक्का झाला. सुभेदार वाकोडे चाकाच्या खुर्चीतून हुकूम देत होते. कुबडीवाले रांगेत निघाले. ज्यांचे पाय चांगले त्यांनी ज्यांचे पाय मोडलेले त्यांचे पलंग ढकलले. दोन्ही हात प्लास्टरात असलेल्या एका शिपायाने कॅरमची राणी दातांत धरून बाहेर काढली, कारण डाव त्याच्या बाजूने चालला होता. जावईबापूंचा पलंग टांगलेल्या पायासकट हिरवळीवर आला. त्यामागे अर्जदार, हातात ताट.

मग आपण आलात. आपण दिसताच जावईबापू पडल्या पडल्या सावधान झाले. हात मांड्यांना, मान सरळ. पाय आधीपासूनच ताठ होता. आपण विचारले, “ये माताजी कौन हैं?”

“मेरी सासूमाँ हैं, सर. बारा बजे बोलेंगी.”

बारा वाजले तेव्हा अर्जदाराने लगेच सांगितले की तो दिवा होता. तीनदा सांगितले. परंतु वर नमूद केल्याप्रमाणे अर्जदाराचा आवाज लहान आहे आणि ते यंत्र अजून चालू होते. शेवटी जावईबापूंनीच मोठ्याने सांगितले, आणि वर “दिवा मीच लावायला सांगितला” अशी पुस्तीही जोडली. ती आपण खरी मानली नाहीत. पाय टांगलेला माणूस एवढे खोटे बोलतो तेव्हा ते चेहऱ्यावर दिसते.

७. शेजारच्या पलंगाला प्राणवायूची नळी होती हे अर्जदारास नंतर कळले. तेव्हापासून अर्जदार रोज वाडीतल्या मारुतीला आपल्या वॉर्डाच्या नावाने एक जास्तीची प्रदक्षिणा घालते. सूचना लावली गेली ती योग्यच होती. आपल्या जागी अर्जदार असती तर तिनेही लावली असती, फक्त तीत ‘कृपया’ घातले असते.

दिवा विझला म्हणजे वाण अपुरे राहिले. अनारसे वॉर्डात देण्यास कॅप्टन समीक्षा यांनी नियमाप्रमाणे मनाई केली. पंधरा जवान ताटाकडे पाहत असताना अर्जदाराने त्यावर फडके टाकले आणि ते परत जळगाव जामोदला आणले. हे अर्जदाराच्या आजवरच्या सर्व उपवासांपेक्षा अवघड गेले.

घरी आल्यावर नणंद रुख्मिणीबाई म्हणाल्या, “वहिनी, इघ्न आलं म्हणजे देवाच्याच मनात नाही. आन् एकट्या बाईनं वाण देतही नाहीत म्हणतात. सोडून दे आता.”

अर्जदार म्हणाली, “त्याईचं राह्यलेलं वाण त्याईच्या माघारी मी नाही देऊ, तं कोण देईन?”

“काय म्हणली? मोठ्यानं बोल ना!”

अर्जदाराने तांदूळ निवडायला घेतले.

८. इथवर हा अर्ज एका म्हाताऱ्या बाईच्या नेमाचा आहे, आणि तो साहेबांनी बाजूला ठेवला तरी अर्जदार समजू शकते. परंतु पुढची गोष्ट नेमाची नाही, पायाची आहे. ती आपण कृपा करून वाचावी.

दोरी निघाली. शस्त्रक्रिया चांगली झाली असे मोठ्या डॉक्टरांनी सांगितले. आता कुबड्या घेऊन उभे राहायचे, पाय जमिनीला टेकवायचा. व्यायाम घेणारे साहेब रोज येतात, म्हणतात, “उठो, नारखेडे.” आणि जावईबापू म्हणतात, “कल से, सर.” हसून म्हणतात, म्हणून दोन-चार दिवस कोणाच्या ध्यानात आले नाही. मग सुभेदार वाकोडेंनी हिमानीच्या फोनवरून अर्जदाराशी बोलणे केले.

“बाई, तुमचा जावाई लय गुणाचा पोट्टा आहे. सगळ्या वॉर्डाले हसवते. पण पाय खाली ठेव म्हटलं, की पांघरूण वढते. काऊन ते तुम्हीच इचारा. मले सांगत नाही बे तो!” मग त्यांच्या लक्षात आले आणि ते म्हणाले, “माफ करा. हे ‘बे’ तुमाले नव्हतं, त्याले होतं.”

अर्जदाराने विचारले नाही. जावयाला असे विचारण्याची रीत नाही. हिमानीने विचारले. तिला ते म्हणाले, “पाय टेकवला आन् त्यानं पेललं नाही, तं मले कळून जाईन. नाही टेकवला तवरोक निदान माहीत तं नाही. पहाड चढता नाही आला तं मले खेचरांपासून काढतीन, हिमू. मंग मी काय करू, कचेरीत बसू?”

(कचेरीबद्दल ते जे म्हणाले ते नीळकंठरावांच्या मुलीसमोर म्हणाले, हे त्यांच्या नंतर ध्यानात आले. तिने मनावर घेतले नाही.)

त्या संध्याकाळी फोनच्या पडद्यावर जावईबापू आले. मागे सगळा वॉर्ड डोकावत होता. अर्जदाराने पदर सारखा केला आणि जवळच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितले, “जावईबापू, वाण अपुरं राह्यलं आहे. पण एक सांगायचं राहून गेलं. आमच्या घरी वाण उभं राहून घेतात. दोन्ही पायांवर. झोपलेल्या माणसाच्या हातात ताट देत नाहीत.”

“हे कोणत्या पोथीत लिहिलं आहे, मामी?”

“पोथीत नाही. घरची रीत आहे.”

मागून सुभेदार म्हणाले, “आता बोल! आता पांघरूण वढ!” पंजाबकडचा शिपाई काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले. जावईबापू हसले नाहीत. खाली पाहत राहिले. पायाकडेच पाहत असावेत, पडद्यात दिसत नव्हते. मग म्हणाले, “मी उभा राह्यलो, तं तुम्ही याल?”

“येईन.”

“मंग राहतो उभा.”

साहेब, अर्जदाराला प्रवेशबंदी आहे हे त्या वेळी दोघांच्याही मनात आले नाही. फोन ठेवल्यावर आले. परंतु शब्द गेला होता. वर परिच्छेद दोनमध्ये सांगितल्याप्रमाणे अर्जदार सहसा हो म्हणत नाही. आता तिच्याजवळ दोन ‘हो’ झाले आहेत, एक गेलेल्या माणसाला दिलेला आणि एक अंथरुणात असलेल्याला.

९. तरी आपण कृपावंत होऊन शुक्रवार, १२ जून रोजी भेटीच्या वेळेत अर्जदारास प्रवेश द्यावा. गुरुवारी एकादशी आहे, त्या दिवशी तांदळाचे चालत नाही, म्हणून द्वादशी धरली आहे. अर्जदार पुढील गोष्टी लिहून देण्यास तयार आहे.

दिवा वॉर्डात लावला जाणार नाही. व्हरांड्यासमोरच्या कडुनिंबाखाली, उघड्यावर, शेजारी पाण्याची बादली ठेवून लावला जाईल. बादलीपाशी आपला माणूस उभा करावा. तो कंटाळला तर अर्जदार त्याला अधिक महिन्याचे माहात्म्य सांगेल.

त्या दिवशी अर्जदार सकाळचे मौन पाळणार नाही. ते तिने दुपारी बारापासून सूर्यास्तापर्यंत पाळण्याचे ठरविले आहे. देवाला विचारले आहे. विचारताना मौनातच होती, त्यामुळे त्याला ऐकू गेले असावे.

पाय धुण्याबाबत : डावा पाय पाण्याने धुण्यात येईल. उजव्या पायाची बोटे प्लास्टरातून बाहेर आहेत. त्यांना ओल्या रुमालाने पुसण्यास मोठ्या डॉक्टरांची हरकत नसावी. हरकत असल्यास अंगठ्यापुरती तरी परवानगी मिळावी. विष्णूचा एकच पाय धुतला असे अर्जदाराला पुढे तीन वर्षे ऐकून घ्यावे लागेल, आणि नणंद रुख्मिणीबाई आहेतच.

आता खाण्याबाबत. बाहेरचा खाऊ एका रुग्णाला देऊन दुसऱ्यांच्या तोंडाला पाणी आणू नये, असा नियम कॅप्टन समीक्षा यांनी सांगितला. हा नियम अर्जदारास अतिशय आवडला, कारण तो आमच्या पंगतीचाच आहे. त्यामुळे अर्जदाराने वाणाशिवाय प्रत्येक जवानापुरते अनारसे वेगळे करण्याचे योजिले आहे. परंतु हे वॉर्डात कळल्यापासून नवी अडचण उभी राहिली आहे. आता प्रत्येकाला फक्त अनारसे नकोत, जावई व्हायचे आहे. सुभेदार वाकोडे, वय पन्नासच्या पुढे, अर्जदारास फोनवर म्हणाले, “काऊन हो बाई, आमचे पाय काय पाय नाहीत?” कॅरमची राणी दातांत आणणाऱ्या शिपायाने कळविले आहे की त्याचे पाय शाबूत आहेत, दोन्ही धुता येतील, काही अडचण नाही. एकूण पायांचा विचार करता भेटीची वेळ अपुरी पडेल. तेव्हा जावईपणाचा मान फक्त नायक नारखेडे यांनाच, बाकीचे सर्व त्यांचे भाऊ, असा आदेश साहेबांनी आपल्या अधिकारात काढावा. अर्जदाराने सांगून पाहिले. तिचे कोणी ऐकत नाही, कारण अर्धे ऐकूच जात नाही.

१०. परवानगी न मिळाल्यास काय, याचाही विचार अर्जदाराने केला आहे. धमकी म्हणून नव्हे. नीळकंठराव म्हणत, की साहेबाला पुढचे सगळे आधी सांगावे, म्हणजे साहेब रागावला तरी चकित होत नाही. तरी सांगते, की तसे झाल्यास अर्जदार शुक्रवारी आपल्या मुख्य फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे रसवंतीच्या छपराखाली ताट घेऊन बसेल. ती जागा छावणीच्या हद्दीत येत नाही, हिमानीमार्फत रसवंतीवाल्याकडे चौकशी केली आहे. आपल्या हद्दीचा अवमान होणार नाही. फाटकाची आडवी दांडी अर्जदाराच्या छातीइतकी उंच आहे. तिच्यावरून ताट देता येईल. तेवढ्यासाठी नायक नारखेडे यांना मात्र वॉर्डापासून फाटकापर्यंत यावे लागेल, आणि तो रस्ता लांब आहे. म्हणून साहेबांनी अर्जदाराला आत घ्यावे. तिच्यासाठी नव्हे, त्या पायासाठी.

११. शेवटचे. अनारशाचे काम आदेशाची वाट पाहू शकत नाही. तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलून. मग सावलीत सुकवून, कुटून, गुळात मळून पीठ मुरू द्यावे लागते. बुधवारी तळायचे, गुरुवारी नांदुऱ्याहून गाडी. हा हिशेब मागे मोजत आणला तर तांदूळ आजच भिजायला हवेत. म्हणून अर्ज मंजूर होईल असे गृहीत धरून, आपली क्षमा मागून, ते आज सकाळी भिजत घातले आहेत. पंधरा जवानांसाठी आणि दांडीवरच्या पहारेकऱ्यासाठी लागतात तेवढे. कॅप्टन समीक्षा यांचेही धरले आहेत. साहेबांचे किती धरावे हे कळवावे.

काजलसाठी गूळ वेगळा बांधला आहे. तो तुकडीत कसा पोचवायचा हे जावईबापू सांगतील.

कमीजास्त लिहिले गेले असल्यास पोटात घालावे. उत्तराची वाट पाहत, तांदळाचे पाणी बदलत,

आपली विश्वासू,
आणि त्या हिरवळीवर आपल्याला हवे तेव्हा न बोललेली,

(सही)
शरयू नीळकंठ कोलते
जळगाव जामोद, दि. ५ जून २०२६

सोबत जोडले आहे :
१. अनारसा, एक नग. २४ मे रोजी परत आणलेल्या ताटातला. तपासणीसाठी. तपासणीनंतर परत पाठविण्याची आवश्यकता नाही.
२. दिवा जिथे लावायचा त्या कडुनिंबाचे चित्र, हिमानीने काढलेले. बादली कुठे असेल तिथे खूण केली आहे.

ता. क. : सहीच्या खालचे अर्जात मोजत नाहीत असे हे म्हणत, म्हणून इथे ‘मी’ लिहिते.

पाकीट चिकटवत होते आणि कॅप्टन समीक्षांचा फोन आला. त्यांनी फोन केल्याचे आपल्याला कळवू नका असे त्या म्हणाल्या, पण मी आपल्यापासून काही लपवायचे नाही असे ठरवले आहे. आज पहाटे ताप मोजायला त्या वॉर्डात गेल्या. सगळे झोपलेले. शिवमरावांचा पलंग रिकामा, पांघरूण नीट घडी केलेले. पाहतात तर ते कुबड्या काखेत घेऊन भिंतीशी उभे, एका पायात चप्पल, दुसऱ्याची बोटे फरशीवर टेकलेली. घामाने निथळत होते. त्यांनी विचारले, “नारखेडे, कुठे निघालात?” तर तोंडावर बोट ठेवून म्हणाले, “हळू बोला, मॅडम, सुभेदारसाहेब उठतीन. मामीले आत नाही सोडलं, तं फाटकापर्यंत किती लागते ते बघून येतो. आज व्हरांड्याच्या दारापर्यंतच.”

आणि निघाले म्हणे.

त्यांना कोणी थांबवू नये, एवढी आणखी एक विनंती.